दौलतच्या जातीचं पिल्लू

"आजी, राग मानू नका, पण तुमचं वय काय?"

"मी पिल्लू न्यायले आली बाई, लगीन लावायले नाही."

अकोल्याच्या त्या ग्रेट डेन पाळणाऱ्या बाई हसल्या नाहीत. मग मीच ठणकावून सांगितलं, बहात्तर. त्या म्हणाल्या, "हे कुत्रं आठ-नऊ वर्षं जगते. तुमच्यामागं तिले कोण पाहील?"

माझा भाचा गजानन मला इंझोरीहून गाडीतून घेऊन आला होता. तो आपल्या चपलांकडे बघू लागला. भांडण असं रंगात आलेलं. पण तिथवर पोचले कशी, ते आधी ऐका. पिल्लू शोधायला निघालं की पिल्लू राहतं बाजूला, पदरात किस्सेच पडतात.

*

आमची दौलत ग्रेट डेन होती. बाजारातून, आईबाप न बघता घेतलेली. उभी राहिली की माझ्या कमरेला लागायची आणि सगळा भार माझ्या डाव्या मांडीवर टाकून टेकायची. चौथ्या वर्षी तिचे मागचे पाय गेले. मानोऱ्याचे डॉक्टर म्हणाले, खुब्याचा दोष जन्माचाच, पुढच्या वेळी माय पाहून घ्या.

शाळा मी पाहिली नाही, अक्षरं पन्नाशीत एकटीनं शिकले. मोबाईलवर कुत्र्यांच्या खुब्यांवरचं सापडलं तेवढं सगळं वाचून काढलं. आता डॉक्टरच मला विचारतात!

अजूनही मी उभी राहते ती डावीकडे जोर देऊन. तिकडून कोणी टेकत नाही.

*

कारंज्याच्या रस्त्यावर एकानं गाडीच्या डिक्कीत चार पिल्लं दाखवली. मी विचारलं, यांची माय कुठं हाय? म्हणे, इम्पोर्टेड आहे, सिंगापूरला असते.

"मंग दूध इमानानं येते का रे?"

त्यानं डिक्की लावली.

*

दुसरा फोनवरचा. पिल्लू पंचवीस दिवसांचं, खोक्यात घालून ट्रॅव्हल्सनं पाठवतो म्हणाला. मी म्हटलं, दोन महिने तरी मायजवळ राहू दे. त्याचं उत्तर, मोठं झालं की गोंडस दिसत नाही, गिऱ्हाईक लागत नाही.

"मंग तुया मायनं तुले एवढा मोठा होवोस्तर घरात काहून ठेवला?"

फोन कट.

*

आमच्याकडे बैल घ्यायचा तर आधी चालवून पाहतात. वाशीमला एकाकडे मी तेच केलं. पिल्लांच्या आईला अंगणात दोन फेऱ्या मारायला लावल्या. गजानन लाजून गाडीत जाऊन बसला. मालक म्हणाला, "मावशी, हिले का वखराले जुपता?"

दुसऱ्या फेरीला तिची मागची बाजू डुलली. दौलत शेवटी शेवटी अशीच चालायची. मी त्याला एवढंच म्हटलं, बसव तिले, दमली ते. गाडीत गजानननं दोनदा विचारलं, काहून आत्या, काय झालं? मी म्हटलं, तू गाडी हाण.

*

आणि मग ह्या अकोल्याच्या बाई. मी मागायच्या आत त्यांनी पिल्लांच्या आईच्या खुब्यांचा एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला. आई स्वतःच उठून आली, नीट चालत, आणि माझ्या डाव्या मांडीला टेकली. मी भिंतीला हात लावला, नाहीतर पडलेच असते.

तिच्या पिल्लांतली एक मादी मी उचलून कडेवर घेतली आणि म्हटलं, हे पिल्लू द्या. तेव्हा त्यांनी वय काढलं.

मी मुलाचं नाव सांगितलं. तो कुठं राहतो? पुण्यात, तिसऱ्या मजल्यावर. बाईंनी मान हलवली. गजाननचं सांगितलं, तर गजाननच म्हणाला, "आत्या, आमची मंडळी कुत्र्याले लय भेते." शेजाऱ्याचं नाव घेतलं. बाई म्हणाल्या, "आजी, माझं पिल्लू मी असं दारोदार जाऊ देत नाही. तुमी भल्या हा, पण नाही."

सहा महिने मी जे दुसऱ्यांना विचारत फिरले, ते ही बाई मला विचारत होती. इतका राग आला, आणि तितकीच ती आवडली. पिल्लाला तिच्या मांडीवर ठेवलं आणि म्हटलं,

"मी गेली का तुमीच या तिले न्यायले; मायेर कायले असते मंग?"