भगवानरावांचं गोल छत

भगवानरावांना स्वतःचा आवाज फार आवडे. तो आवडणारा दुसरा माणूस गावात नव्हता, पण त्यावाचून त्यांचं काही अडलं नाही. बोरी अरबपासून चार मैलांवरच्या आमच्या गावाचे ते सरपंच होते, त्यामुळे त्यांचं ऐकणं सगळ्यांना भागच होतं. मी शाळेचा मास्तर. शाळेची खोली त्यांच्या मालकीची होती, म्हणजे ऐकणाऱ्यांत माझा नंबर पहिला.

साठ साली पंचायतीला सरकारी रेडिओ मिळाला. बॅटरीवर चालणारा, चांगला ट्रंकेएवढा. रेडिओ पंचायतीचा आणि पंचायत सरपंचांची, तेव्हा तो सरळ भगवानरावांच्या घरी जाऊन बसला. कुणी हरकत घेतली नाही. आमच्या गावात हरकत घेण्याची पद्धतच नव्हती. सरकारची अट एकच होती, रेडिओ साऱ्या गावाला ऐकू आला पाहिजे. त्यासाठी भगवानरावांनी अंगणाच्या कडेला एक लांबट खोली बांधायला काढली.

आता खोली बांधायची तर बांधावी. पण नागपूरला एका घुमटाखाली उभे राहून ते एकदा खाकरले होते आणि ते खाकरणं दहापट मोठं होऊन त्यांच्याकडे परत आलं होतं. तेव्हापासून गोल छताखाली आवाज वाया जात नाही, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं. नागपूरच्या त्या घुमटाखाली दुसऱ्या कुणाचं बोलणं त्यांना समजलं होतं का, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

काम उकंडा मिस्त्रीकडे होतं. छपन्न सालच्या दसऱ्याला नागपूरला जाऊन बौद्ध झालेल्या आठ घरांतला हा एक. त्या घरांनी मेलेली ढोरं ओढण्यासारखी गावकीची कामं तेव्हापासून सोडून दिली होती आणि ते दुखणं भगवानरावांच्या पोटात होतंच. पण विटा-चुन्यात उकंडाचा हात धरणारा पंचक्रोशीत नव्हता, म्हणून दुखणं पोटातच राहिलं.

"सरपंच, ढोरायची पाण्याची डोण उपडी घातल्यावानी छत कायले करता?" उकंडा म्हणाला. "मी विहीर बांधाले खाली उतरतो ना, तं तठी आवाज घुमते नुसता, शब्द काही फुटत नाई. सपाट धाबं टाका. सगळ्यायले सारखं ऐकू येईन."

"तुले काय समजते आवाजातलं?"

"मले नाई समजत. विहिरीले समजते."

भगवानरावांनी त्याला गप्प बसवलं आणि छत गोल झालं. उकंडानं केलं मात्र सुरेख. चुन्याचा गिलावा असा घोटला की त्यावर माशी घसरावी.

मग बसायच्या जागा ठरल्या. आत समोरच्या भिंतीतल्या कोनाड्यात रेडिओ. खोलीच्या बरोबर मधोमध भगवानरावांची खुर्ची. खुर्चीभोवती सतरंजी, तिच्यावर कापसाचे व्यापारी फुलचंद शेठ, तांड्याचे नाईक धावजी आणि मी. सतरंजीमागे उघड्या फरशीवर बाकीचं गाव. आणि अगदी टोकाला, दारापाशी, जिथं सगळ्यांनी चपला काढायच्या तिथं ती आठ घरं. भगवानरावांनी त्यांना तिथं बसा असं कधी म्हटलं नाही. त्यांनी फक्त पहिल्या दिवशी तिकडे बोट केलं.

छतानं मात्र कुणाचं बोट पाहिलं नाही. रेडिओचा आवाज वर जायचा, त्या घोटलेल्या गोलाईवरून सरकत पलीकडच्या टोकाला जायचा आणि अलगद चपलांपाशी उतरायचा. तिथं एकेक शब्द सुटा ऐकू यायचा. खोलीच्या मध्यावर थेट येणारा आवाज आणि छतावर आपटून मागाहून येणारा आवाज यांची गाठ पडायची आणि दोघांची झोंबाझोंबी व्हायची. बातम्या देणाऱ्याच्या तोंडात गरम भाताचा घास आहे की काय असं वाटे. खुर्चीत बसणाऱ्याला तर बूंऽ बूंऽ शिवाय काही पोचत नसे.

पण भगवानराव मान डोलावत, म्हणून फुलचंद शेठ डोलावत, म्हणून धावजी डोलावत. मी शिकलेला, म्हणून मी जरा जास्तच डोलावत असे. कार्यक्रम संपला की सतरंजीवरची मंडळी वेगवेगळ्या गल्ल्यांनी निघत आणि तंबाखूचं निमित्त काढून उकंडाच्या अंगणात भेटत. "काय गा उकंडा, तू काय ऐकलं?" उकंडा सांगे. ऐकून झालं की त्याच्या घरचं पाणी न पिता मंडळी परत फिरत.

भगवानरावांच्या पत्नी रुखमाबाई कार्यक्रम संपता संपता खोली झाडायला येत, तेव्हा दाराशी येताच त्यांना सगळं नीट ऐकू येई. एकदा त्या म्हणाल्या, "तुमी एक डाव दारापाशी बसून पाहा ना."

"सरपंच चपलांपाशी बसन काय?" भगवानराव म्हणाले. विषय तिथं मिटला.

बासष्ट साली दोन गोष्टी एकदम घडल्या. जिल्ह्यातल्या सर्वांत पुढारलेल्या गावाला ढाल मिळणार असं जाहीर झालं, आणि नागपूर आकाशवाणीच्या शेतकऱ्यांच्या कार्यक्रमात बोलायला भगवानरावांना बोलावणं आलं. भगवानरावांना ढाल हवी होती. इतकी हवी होती की ती ठेवायला कोनाडासुद्धा खोदून झाला. भाषण अर्थात मी लिहिलं.

"समतेचं काही टाका मास्तर," ते म्हणाले. "सध्या ते चालते."

मी टाकलं. 'आमच्या गावात सर्व समाजाचे लोक एकाच सतरंजीवर बसून रेडिओ ऐकतात.' वाक्य छान उतरलं म्हणून मला बरंच वाटलं.

नागपूरला जाऊन भगवानराव भाषण फितीवर भरून आले. ते लागायचं त्या संध्याकाळी ढालीसाठी गाव तपासायला गटविकास अधिकारी आले. चष्मा लावलेला, वहीत सतत काहीतरी लिहिणारा गृहस्थ. त्यांच्यासाठी भगवानरावांच्या खुर्चीशेजारी दुसरी खुर्ची मांडली. भाषण लागलं. बूंऽ बूंऽ. भगवानराव डोळे मिटून ऐकत होते. त्यांना भाषण पाठ होतं, त्यामुळे त्यांना सगळं ऐकू येत होतं.

भाषण संपल्यावर साहेबांनी रेडिओ बंद करायला लावला. "मला काहीच कळलं नाही," ते म्हणाले. "गावाला काय कळलं ते पाहतो. सरपंच, तुम्ही बोलायचं नाही. शेठजी, काय म्हणाले सरपंच?"

"आवाज कसा पहाडी लागला, साहेब!" फुलचंद शेठ म्हणाले.

"नाईक, तुम्ही सांगा."

"लई साजरं बोलले," धावजी म्हणाले.

"पण काय बोलले?"

"लई साजरं."

साहेबांची पेन्सिल वहीवर थांबली. भगवानरावांच्या कपाळावर घाम आला. ढाल हातची निघाली होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी सतरंजीची वीण पाहू लागलो. मला भाषण अक्षरन् अक्षर येत होतं, पण त्यातलं एक वाक्य त्या खोलीत मोठ्यानं म्हणायची माझी छाती नव्हती.

"मी सांगू काय साहेब?" दारापासून उकंडा म्हणाला.

त्यानं उभं राहून सगळं सांगितलं. शेणखताचं सांगितलं, बांधबंदिस्तीचं सांगितलं, एक गोष्ट सोडली नाही. शेवटी म्हणाला, "अन् म्हणाले का, आमच्या गावात सर्व समाजाचे लोक एकाच सतरंजीवर बसून रेडिओ ऐकतात."

एवढं बोलून तो चपलांच्या ढिगाशेजारी तसाच उभा राहिला. सगळी खोली मागं वळून त्याच्याकडे पाहत होती. सतरंजी त्याच्यापासून चांगली पंधरा हात दूर होती.

"मग तुम्ही तिकडे कसे?" साहेबांनी विचारलं.

भगवानरावांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. उकंडानं त्यांच्याकडे पाहिलं.

"अठी साजरं ऐकू येते, साहेब," तो म्हणाला.

साहेब उठले, दारापाशी गेले, चपला सरकवून खाली बसले आणि रेडिओ पुन्हा लावायला सांगितलं. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा खुलला. वहीत त्यांनी भराभर लिहिलं. महिन्याभरानं अहवालाची नक्कल आली ती मीच वाचून दाखवली. 'मागासलेल्या कुटुंबांना नीट ऐकू यावे म्हणून सरपंचांनी खोलीतील सर्वोत्तम जागा त्यांच्यासाठी राखून ठेवली आहे. इतरांनी अनुकरण करावे.' ढाल आमच्या गावाला मिळाली.

भगवानरावांनी ते वाक्य माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. खोलीतली सर्वोत्तम जागा कोणती, हे त्यांना तेव्हा पहिल्यांदा कळलं. दुसऱ्या दिवशी त्यांची खुर्ची दारापाशी गेली, खुर्चीमागून सतरंजी गेली, सतरंजीवर आम्ही गेलो. चपला बाहेर अंगणात ठेवायचं ठरलं. त्या आठ घरांना खोलीच्या मधोमध जागा दिली. "पहा, तुमाले पुढं बसवलं," भगवानराव म्हणाले. आठ घरं दोन दिवस आली आणि तिसऱ्या दिवसापासून यायची बंद झाली. "या लोकायले कितीबी द्या, समाधानच नाई," असं भगवानराव सगळ्यांना सांगत सुटले आणि मी शेजारी बसून मान डोलावली.

पुढं एकदा बोरीच्या बाजारात उकंडा भेटला. मी म्हटलं, "काहून गा, रेडिओले येत नाई आता?"

त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. "मास्तर, ते सतरंजीचं वाक्य तुमीच लिहिलं होतं ना? सरपंचाले तसं बोलता येत नाई."

बाजारात फार गलका नव्हता. तरी मी कानामागं हात नेला आणि म्हणालो, "कोणतं वाक्य? मले त्या दिवशी काही ऐकूच आलं नव्हतं."