गादीतल्या उवा गाडीत गेल्या

बायांनो, अजून अंग खाजवूनच राहिली मी. सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही.

आमचे हे परवा अमरावतीच्या कापूसबाजारातून आले. तिथं परक्या गाडीवानांच्या घोंगड्यावर निजले होते. सदऱ्याच्या शिवणीत उवा घेऊनच आले. आज सकाळी पाहते, त गादीतही त्याच!

कपडे राखेच्या पाण्यात उकळले. गोधड्या उन्हात टाकल्या. गादी जाळूनच टाकावी म्हटलं अन् अंगणात ओढली.

हे धावत आले. "जाळून काहून राहिली वं? कापूस हाये तो! खोळ जाळ, कापूस बाजाराच्या गाडीत टाक."

"अवो, उवा हायेत त्यात!"

"विलायतेत कोन पाहाले बसलं? समुद्रापार लढाई लागली म्हून तिकडं आपल्या कापसाले सोन्याचा भाव आला, असा भाव पुन्हा येनार हाये का?"

मले वाटलं, सासूबाई तरी रागावतील. त्यांनी गुपचूप आपली उशी उसवून दिली.

दुपारी कापूस भरून गाडी बाजाराले गेली. जो कोन तो कापूस अंगाले लावील, त्याचा विचार येते अन् मी पुन्हा खाजवते.

सांजेले देवापाशी दिवा लावाले गेली, त वातीपुरता कापूस घरात नाही! शेजारणीकडे मागाले गेली. ती म्हणे, "आमची त गादीबी गेली, उशीबी गेली."

शेवटी लुगड्याचा काठ फाडून वात वळली.

बायांनो, खरं सांगा, तुमच्या घरी तरी वातीपुरता उरला का?