जांभळापलीकडचं ऊन

काका गेल्याचा निरोप आला तेव्हा मी चिखलीच्या कचेरीत डब्यातली साबुदाण्याची खिचडी बाजूला सारत होतो. साबुदाणा सुटला तोही काकांमुळेच. गेल्या पावसाळ्यात अमडापूरला, त्यांच्या परसातल्या डबक्याकाठी, त्यांनी मला वाकायला लावलं. पाण्यात भिजल्या साबुदाण्यासारखं काहीतरी चिकट तरंगत होतं. "काकूच्या हातून सांडलं वाटते," मी म्हणालो. काका शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले, पुतण्याच्या अकलेची त्यांना सवय होती. "बेडकाची अंडी हायेत बे ते."

दोन वर्षं पावसानं हात आखडलेला. गुडघाभर डबकं टीचभर झालेलं. उघड्यावरची अंडी पांढरी पडून बुरसत, सावलीतली तेवढी फुटत. काकांचा तर्क असा, की पाणी उथळ झालं म्हणून उन्हातले जंबुपार किरण थेट अंड्यांना लागतात. जंबुपार म्हणजे जांभळ्या रंगापलीकडचे, डोळ्यांना न दिसणारे.

"काहो, दिसत नाही तं तुमाले कसं समजलं?" काकू म्हणाली.

"अंडी मरून राह्यली ना, त्यावरून."

मग त्यांनी चार बांबू रोवून डबक्यावर तुराट्यांचा मांडव घातला. कुंपणापलीकडून लोक विचारत, "मास्तर, लगन कोनाचं?" काका-काकूंना मूलबाळ नव्हतं. लग्नाचा राहिलेला पुतण्या मी, म्हणून मीच चपापायचो. काका म्हणत, "पोरी लय हायेत. जेवाले या."

यंदा छातीच्या दुखण्यानं ते मागच्या दाराशी खाटेवर पडून होते. पहिली अंडी उन्हानं गेली, तेव्हा माझ्याकडून मांडव घालून घेतला. माझा एक बांबू दारू प्यायल्यासारखा कलला. पुन्हा अंडी आली. "शेपट्या दिसल्या का?" एवढंच विचारत राहिले...

मी पोचलो तेव्हा तिरडीला बांबू हवे होते. कुणीतरी परसाकडे वळलं. काकू उठून दारात आडवी उभी राहिली. "ते नोका काढू. खाली त्यायचे अंडे हायेत." बांबू शेजारून आले.

तेरवीच्या सकाळी ती डबक्यापाशी वाकली होती. पाण्यात काळे ठिपके शेपट्या हलवत होते. तिनं मागच्या दाराकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "अहो, शेपट्या आल्या."

माझ्या कललेल्या बांबूच्या बाजूनं ऊन पाण्यात उतरत होतं. ती आत गेली, काकांचं धोतर घेऊन आली आणि तिनं ते तिथं मांडवावर पसरलं. अजून ते तिथंच आहे.