डाव्या चाकाची ट्रायल

दुर्गजवळच्या कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टर दोनमध्ये, आमच्या क्वार्टरच्या शेजारी एक निवृत्त साहेब राहतात. नोकरीभर त्यांनी कारखान्यात यंत्रांच्या वंगणाचं खातं सांभाळलं आणि निवृत्तीनंतर ते मराठी मंडळाचे अध्यक्ष झाले. दोन्हीकडे आपलं काम एकच, घर्षण कमी करणं, असं ते दरेक भाषणात सांगतात. लोक टाळ्या वाजवतात, कारण टाळ्या वाजल्याशिवाय ते पुढच्या वाक्यावर जात नाहीत.

गणपतीतल्या कार्यक्रमाला आम्ही नवरा-बायको उशिरा पोचलो. साहेबांचं भाषण चालू होतं. मी मंडपाबाहेर गाडी थांबवली आणि ब्रेक किंचाळला. साहेब थांबले, माइक जवळ ओढला आणि म्हणाले, "भोंगा झाला. टाइम ऑफिसचे बाबू ड्यूटीवर आले." सगळा मंडप हसला. मी टाइम ऑफिसात, म्हणजे कारखान्याच्या हजेरीच्या खात्यात, कारकून होतो हे खरंच आहे. बायको प्रसादाचं ताट धरून माझ्या बाजूला उभी होती. दुसऱ्या दिवसापासून ती सुपेल्याच्या बाजाराला ऑटोने जायला लागली.

"घरी गाडी असून ऑटो कावून?" मी विचारलं.

"भोंग्यात बसून कोण जाईन?" ती म्हणाली.

तेव्हा ठरवलं, आधी ब्रेक गप्प करायचा आणि मग साहेबांना. तेही चारचौघांत, जसं त्यांनी मला केलं तसं.

सुपेल्यातल्या गॅरेजात गाडी टाकणं सोपं होतं. पण तिथला मिस्त्री साहेबांच्या ओळखीचा. ब्रेक सुधारला असता तर ते श्रेय साहेबांच्या ओळखीच्या खात्यात जमा झालं असतं. म्हणून काम घरीच करायचं ठरलं.

पहिल्यांदा काचा खाली करून गाडी कंपाउंडच्या भिंतीलगत सावकाश चालवली. भिंतीवर आपटून आवाज परत येतो, मग कोणतं चाक ओरडतंय ते कळतं. पुढचं डावं निघालं. पाय हलका ठेवला की किंचाळायचं, दाबून धरलं की गप्प. माणसांतही ही जात असते. कोणात, ते इथे लिहीत नाही.

रविवारी मागच्या चाकांना विटा लावल्या, जॅक चढवला आणि चाक उतरवलं. चाकामागे लोखंडी डिस्क असते, तिला दोन बाजूंनी दाबून धरणारे तुकडे म्हणजे ब्रेक पॅड. ते अजून पुरेसे जाड होते, पण घासायची बाजू काचेसारखी गुळगुळीत झाली होती. दुखणं सापडलं. पॉलिश पेपर घेऊन मी पॅड खरवडायला बसलो. काम साधं होतं आणि मन प्रसन्न होतं, कारण प्रत्येक घासणीला समोर कोणाचा तरी चेहरा आणता येत होता.

तो चेहरा प्रत्यक्षच फाटकात आला.

"काय बाबू, शटडाऊन घेतला वाटते? परमिट कोणी देल्लं?"

"घरच्या कामाले परमिट नाही लागत, साहेब."

"मशीन ओरडली का तिले ग्रीस पाहिजे. जिंदगीभर आमी हेच करून राहिलो."

"ब्रेकले नाही चालत. त्यानं घासलंच पाहिजे."

"तुमी हजेऱ्या लिवा. मशीन आमाले समजते."

पॅड जागेवर बसवून मी हात धुवायला आत गेलो. परत येऊन पाहतो तर डिस्क दोन्ही बाजूंनी तुपासारखी चमकत होती. साहेब घरून ग्रीसचा डबा घेऊन आले होते आणि माझ्याच फडक्याला बोट पुसत होते. "झालं काम," ते म्हणाले.

ओरडलो असतो तर पुढच्या गणपतीत आणखी एक भोंगा झाला असता. मी चाक बसवलं, नट आवळले, जॅक उतरवला आणि विटा काढल्या. एव्हाना फिरायला निघालेली मंडळी फाटकाशी जमली होती. साहेब त्यांना ग्रीसवर व्याख्यान देत होते.

कारखान्यात एक रीत आहे. ज्याने काम 'ओके' म्हणून सोडलं, त्याने ट्रायलला यंत्राजवळ उभं राहायचं. साहेबांच्या दर भाषणात ती येते, आणि आपण कसे सगळ्यांच्या पुढे उभे राहायचो तेही येतं.

मी पुढचा दरवाजा उघडून धरला. "बसा साहेब. ट्रायल घेऊ. समोरच्या उतारावरून खाली जाऊ आणि चौकात ब्रेक लावू."

ग्रीस लागलेला ब्रेक धरत नाही; गाडी हलवायचा माझा अजिबात विचार नव्हता. किल्ली बायकोच्या हातात होती. ती ओसरीत उभी राहून पाहत होती.

साहेबांनी चाकाकडे पाहिलं, मग उताराकडे. "मले जरा घाई आहे."

"जवळच तर जायचं."

"आत्ताच नाही... बसाले टाइम लागते ग्रीसले."

गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "बैठिए ना साहब, ग्रीस तो आप ही ने लगाया है।"

लोक हसले. मंडपातल्यापेक्षा कमी होते, पण हसणं तसंच होतं. साहेबांनी डबा उचलला, झाकण लावायला विसरले आणि घरी गेले.

ग्रीस प्यालेले पॅड वाचत नाहीत. डिस्क पेट्रोलने पुसून काढली आणि सुपेल्याहून नवे पॅड आणून बसवले. पॅडच्या फक्त पाठीला, ब्रेकसाठी मिळणाऱ्या वंगणाचा पातळ हात दिला. रिकाम्या मैदानात सावकाश पुन्हा पुन्हा ब्रेक लावून पाहिला. आवाज नाही.

मग आम्ही दुर्गला, मोहन नगरात बायकोच्या बहिणीकडे निघालो. बायको स्वतःहून पुढे बसली. साहेबांच्या फाटकासमोर आल्यावर म्हणाली, "अवो, इथं थांबा जरा. हलकेच ब्रेक लावा."

गाडी जागेवर थांबली. आत साहेब पाइपने कुंड्यांना पाणी घालत होते. त्यांना काही ऐकू गेलं नाही, आणि गप्प ब्रेकचा हाच एक दोष. बायकोने काच खाली केली.

"साहेब, दुर्गपर्यंत येता का? तुमची ट्रायल बाकी आहे."

साहेबांनी मान वर केली नाही. कुंडी भरली, पाणी ओसंडून त्यांच्या चपलेवर आलं, तरी पाइप हलला नाही. बायको ते पुरेपूर बघत बसली. मीही गाडी पुढे घ्यायची घाई केली नाही.