मागच्या दाराचा आकडा

कामरगावहून कारंज्याला जाणाऱ्या जीपमध्ये तो मला खेटून बसला होता. मोबाइलवर एकच पान पुन्हा पुन्हा उघडत होता. त्यावर दोनच शब्द होते: ‘लाइट आहे.’

शेवटी मीच वैतागून विचारलं, "काय आहे हे?"

"घरच्या कम्प्युटरवर सर्व्हर चालू ठेवला हाय, हे पान तिथूनच येते. बाबाची ऑक्सिजनची मशीन लाइटवर चालते. लाइट गेली का हे पान उघडत नाई. मंग मी शेजारच्याले फोन लावतो."

तेवढ्यात त्याची बॅटरी संपली. तो माझ्याकडे वळला. "तुमच्या मोबाइलवर पाहा ना भाऊ!"

त्यानं सांगितलेला पत्ता मी टाकला. पान उघडेना. त्याचा चेहरा उतरला, मग तो एकदम ओरडला, "पत्त्याच्या शेवटी ८०८० टाकलं का? नेटवाल्यानं सर्व्हरचं पुढचं दार बंद केलं, म्हून या आकड्याचं मांगचं उघडलं मी!"

आकडा टाकला. ‘लाइट आहे.’

तो कारंज्याला उतरला, पत्ता माझ्या मोबाइलमध्ये राहिला. रोज चहाआधी मी ते पान बघायचो. गेल्या आठवड्यापासून ते उघडत नाही. त्यानं दार बदललं असेल, असं म्हणत मी ८०८१ टाकून पाहतो. मग ८०८२.