राखीव खेळाडूचा एक डाव

शाळेच्या खो-खोच्या संघात मी तीन वर्षं होते असं मी सांगते, आणि ते खोटं नाही. संघ बाराजणींचा असायचा. नऊजणी खेळायच्या, तिघी बाहेर बसायच्या. मी बाहेरची. नववी आणि दहावी मी बसून काढली. अकरावीला, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकला, मैदानात उतरले ती एका डावापुरती. त्या डावाबद्दल काय वाटतं असं कुणी विचारलं तर मला सांगता येत नाही. बराच काळ झाला, काही वाटतच नाही. जे झालं ते तेवढं सांगता येतं.

बाहेर बसणारीला कामं पुष्कळ असतात. मैदानावर फक्कीनं रेघा मारायच्या, पाण्याची कळशी भरून ठेवायची आणि सगळ्यांच्या बांगड्या सांभाळायच्या. खो देताना पाठीवर थाप मारावी लागते, पळता पळता पडायला होतं, काच फुटली तर कुणाच्या तरी अंगात शिरणार. म्हणून हातात काचेच्या बांगड्या असल्या की पंच खेळू द्यायचे नाहीत. पोरी आपापल्या बांगड्या काढून माझ्याकडे द्यायच्या आणि हरवू नयेत म्हणून मी त्या माझ्याच हातांत चढवून बसायचे, पार कोपरापर्यंत. कुणाच्या लाल, कुणाच्या जांभळ्या, सगळं ध्यानात असायचं. "कासारीण बसली बघा," असं पोरी म्हणायच्या. मला राग यायचा, तरी मी हसायचे. राखीव पोरगी रागावली काय आणि नाही काय, कोण विचारतं?

घरी मी सरळ खोटं बोलायचे. अव्वा, म्हणजे माझी आई, विचारायची, "आज खेळलीस का गं?" मी म्हणायचे, खेळले की. आमचं किराणा दुकान होतं. अप्पा साखरेची पुडी बांधता बांधता गिऱ्हाइकाला सांगायचे, "आमची पोरगी शाळेकडून खेळती." सांगताना दोऱ्याला एक वेढा जास्तच पडायचा. त्या आनंदापायी मी गुडघ्याला मुद्दाम माती फासून घरी गेले आहे. एकदा तर खरचटलं नाही म्हणून विटेच्या तुकड्यानं खरवडून घेतलं होतं.

आमच्या संघातली सगळ्यात चांगली खेळाडू माझ्याच बाकावर बसायची. सोलापूरच्या पूर्व भागातल्या विणकराची पोरगी. घरात तेलुगू, शाळेत आमच्यासारखीच सोलापुरी मराठी. आमच्या घरात कन्नड, त्यामुळे आम्ही एकमेकींच्या आयांची नक्कल करून हसायचो. उंचीनं ती बेताचीच होती, पण एकदा पळायला लागली की कुणाच्या हाताला लागायची नाही. खांबापाशी अशी गिरकी घ्यायची की मागची पोरगी सरळ पुढं निघून जायची. जिल्ह्याचा अंतिम सामना जिंकला की संघ पुढच्या सामन्यांसाठी पुण्याला जायचा. तिला तेवढीच हौस होती. "एकदा पुण्याला जाऊ दे, मग काय करायचं ते करा म्हणावं," असं ती म्हणायची. हे कुणाला उद्देशून, ते मला तेव्हा कळलं नव्हतं.

अकरावीच्या जूनमध्ये ती शाळेत आली ती दोन्ही हातांत गच्च हिरव्या बांगड्या घालून. मे महिन्यात तिचं लग्न लावलं होतं. मॅट्रिक झाली की सासरी पाठवायचं ठरलं होतं, आणि तोवर शाळेत बोभाटा नको होता. काळी पोत ती झंपरच्या आत टाचणीनं टाचून ठेवायची. बांगड्या कुठं लपवणार?

"वर्षभर काढायच्या न्हाईत," ती मला म्हणाली. "सासूनं बजावलंय. आंगोळीला पण न्हाई."

खेळाच्या बाईंनी तिच्या हातांकडे बघितलं, मग तिच्या तोंडाकडे बघितलं आणि काही विचारलं नाही. बाईंना संघ उभा करायचा होता. तिचे वडील यंत्रमागावर कामाला होते. ते टॉवेलच्या काठाच्या पट्ट्या घेऊन यायचे. सामन्याच्या आधी त्या पट्ट्या मी तिच्या दोन्ही मनगटांना बांगड्यांवरून घट्ट गुंडाळायचे. पंचांनी विचारलंच तर मनगट लचकलंय म्हणून सांगायचं, असं बाईंनी सगळ्या पोरींना बजावून ठेवलं होतं. शहरातले सगळे सामने असेच पार पडले. मी पट्टी बांधायचे ती चांगली बांधायचे. ती पळताना एवढासा सुद्धा आवाज यायचा नाही.

बहात्तरच्या दुष्काळाचं साल होतं ते. मैदानावर पाणी मारायचं बंद झालेलं, सगळीकडे नुसता फुफाटा. जिल्ह्याचा अंतिम सामना सोलापुरातच होता. आदल्या दिवशी जेवताना अप्पा म्हणाले, "उद्या मी येतो बघायला. दोन तास दुकान बंद ठेवतो."

अप्पांनी दुकान कधी बंद ठेवलेलं मला माहीत नव्हतं. आजोबा गेले तेव्हा सुद्धा तिसऱ्या दिवशी फळ्या निघाल्या होत्या. अव्वा म्हणाली, "जावा की, एकदा तरी बघा." नका येऊ म्हणायचं तरी कुठल्या तोंडानं? ज्या पोरीला हे सांगायला हवं होतं, ती दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या शेजारून मैदानाकडे चालत आली, आणि सबंध वाटेत मी तिला काही सांगितलं नाही. आम्ही पुण्याला गेल्यावर काय खायचं याबद्दल बोलत होतो.

पहिला डाव आमचा झाला. चार गुणांनी पुढं होतो, त्यातले बरेच तिच्यामुळे. तोवर अप्पा आले नव्हते. डाव संपल्यावर पाच मिनिटं विश्रांती असते. ती माझ्यापुढं येऊन बसली, हात पुढं केले. धुळीनं आणि घामानं पट्टी सैल झाली होती. मी ती सोडून पुन्हा बांधायला घेतली आणि वर बघितलं तर अप्पा लिंबाच्या झाडाला सायकल टेकवत होते. त्यांनी टोपीनं तोंड पुसलं आणि खेळलेल्या पोरी पाणी पीत होत्या तिकडे बघायला लागले. एकेक तोंड बघत होते. बाहेर बसलेल्यांकडे त्यांची नजर गेलीच नाही.

तेवढ्यात पंच आमच्याजवळ आले. दुसऱ्या कुठल्या तरी शाळेतले सर होते, पोट सुटलेले, हसऱ्या तोंडाचे.

"हाताला काय झालं?" त्यांनी तिला विचारलं.

"लचकलंय सर."

"दोन्ही एकदम?"

तिनं मान खाली घातली. सर हसले. त्यांनाही काय ते कळलं असावं. "बरं बरं. घट्ट बांध गं," असं मला म्हणाले आणि शिट्टी तोंडाशी नेत वळले.

"सर, आत बांगड्या आहेत," मी म्हणाले.

त्यांनी मला विचारलं नव्हतं. ते चालले होते. माझा आवाजही मोठा नव्हता. पण ते थांबले, कारण आता त्यांना थांबणं भाग होतं. समोरच्या संघाच्या दोन पोरी तिथंच उभ्या होत्या, त्यांनीही ऐकलं.

"काढ आणि खेळ," ते तिला म्हणाले. "नाहीतर बदली दे."

बाई धावत आल्या. कळशीतलं पाणी घेतलं, कुणाकडून तरी साबणाचा तुकडा आणला. "अगं, पाच मिनिटांचं काम. घरी गेल्यावर परत चढव, कुणाला कळणार आहे?" एक बांगडी तिनं अंगठ्याच्या हाडापर्यंत ओढली. तिथं थांबली. मग परत मागं सारली.

"न्हाई जमायचं बाई," ती म्हणाली.

बाईंनी माझ्याकडे बघितलं. बाकीच्या दोघी राखीव नववीतल्या होत्या, त्यामुळे पहिला मान माझा. माझ्या हातांतल्या सगळ्यांच्या बांगड्या मी उतरवून तिच्याकडे दिल्या आणि मैदानात गेले.

तो डाव मी खेळले. मला दोनदा खो मिळाला आणि दोन्ही वेळा चार पावलं पळून मी तो पुढच्या पोरीला देऊन टाकला. पळायची पाळी आली तेव्हा मी अर्ध्या मिनिटात बाद झाले. पहिल्या डावातली आघाडी पुरली आणि आम्ही दोन गुणांनी जिंकलो. अप्पा दोरीपाशी उभे होते. मी जवळ गेले तर म्हणाले, "पळतीस की गं चांगली," आणि दुकान उघडायचं म्हणून लगेच सायकलवर बसून गेले. तीन वर्षं मी त्या वाक्याची वाट बघत होते. ते ऐकलं आणि मला काही म्हणजे काही वाटलं नाही.

ती जागेवरच बसली होती. एकेकीला हाक मारून जिच्या तिच्या बांगड्या देत होती, एकही चुकली नाही. सगळ्या गेल्यावर मी तिच्या शेजारी बसले.

"तू सांगितलंस," ती म्हणाली.

"हो."

"माझ्या कानावर पडलं. जवळच तर होते." मग म्हणाली, "का गं?"

"अप्पा आले होते. त्यांना वाटतंय मी खेळते."

"मला सांगायचं होतंस की," ती म्हणाली. "एक डाव मीच बसले असते."

एवढंच. रागावली नाही, रडली नाही. तिनं चार शिव्या हासडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं, असं मी नंतर पुष्कळदा मनाशी म्हटलं आहे. तेव्हा मात्र मी नुसती बसून राहिले. गुडघ्याला खरंखुरं खरचटलं होतं, तेही दुखत नव्हतं.

पुण्याला ती आली नाही. सामना बघायला आलेल्या कुणीतरी तिच्या सासरी कळवलं की तुमची सून चारचौघांत बांगड्या काढायला निघाली होती. आठ दिवसांत त्यांनी तिला नेली. मॅट्रिकचा फॉर्म भरायचा राहूनच गेला. पुण्यात तिच्या जागी बाईंनी नववीतली एक राखीव पोरगी उतरवली, मी बाहेरच बसले, आणि आम्ही पहिलाच सामना हरलो. पुणं कसं होतं ते मला विचारू नका. एका शाळेच्या वर्गात सतरंज्यांवर झोपलो आणि दुसऱ्या दिवशी परत आलो.

मला प्रमाणपत्र मिळालं. जिल्ह्यात विजेता संघ, आणि त्याखाली माझं नाव. मॅट्रिकला मला गुण बेताचेच पडले. पण डी.एड.च्या प्रवेशाच्या वेळी ते प्रमाणपत्र कामाला आलं, आणि पुढं मी प्राथमिक शाळेत शिक्षिका झाले. आजवर त्याच नोकरीचं खाते.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. एका जूनमध्ये पहिलीच्या प्रवेशांचं टेबल माझ्याकडे होतं. रांगेत एक बाई पोरीचा हात धरून उभी राहिली. मी फॉर्म पुढं ओढला, वर बघितलं, आणि ती होती. थोडी सुटली होती. तिनं मला आधीच ओळखलं होतं, हे तिच्या उभं राहण्यावरून कळत होतं.

"बरं हाय का बाई?" ती म्हणाली. बाई म्हणाली मला.

मी बरी आहे म्हटलं. बस म्हटलं तर ती बसली नाही. पोरगी माझ्याकडे टक लावून बघत होती. आईसारखीच, उंचीनं बेताची. ती पोरीला म्हणाली, "ह्या बाई आमच्या वर्गात होत्या. लई भारी खो-खो खेळायच्या. पार पुण्यापर्यंत गेल्या होत्या."

"अम्मा, तू खेळायचीस?" पोरीनं विचारलं.

"मी न्हाई," ती म्हणाली. "मला कुठलं येतंय ते."

पोरीला ते खरं वाटलं नसावं. तिनं मान वळवून माझ्याकडे बघितलं. आई म्हणते तेच खरं, अशी मी मान हलवली, फॉर्म सरळ केला आणि पोरीची जन्मतारीख विचारली.