अण्णा दाखला लगेच देत नसत

आमच्या मुलीच्या शाळेतले क्लार्क अण्णा शाळा सोडल्याचा दाखला मागितल्या दिवशी कधीच देत नसत. अर्ज घ्यायचे, चष्म्यावरून बघायचे आणि विचारायचे, "पोरगं कुठं निघालंय?" गावाचं नाव सांगितलं की पुढचे प्रश्न सुरू. तिथली शाळा बघितली का, घरापासून लांब किती, वर्गात ओळखीचं कोण. बदलीवर निघालेला एक फौजदारसुद्धा ऑफिसातल्या बाकावर अर्धा तास उत्तरं देत बसलेला मी पाहिला आहे. कोल्हापूरजवळच्या आमच्या उचगावात कुणी अण्णांना चौकस म्हणे, कुणी चिकट. मी मनातल्या मनात अडाणी म्हणत असे. सांगायला लाज वाटते, पण म्हणत असे.

दोन हजार तीन-चारची गोष्ट. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मी सुपरवायझर होतो आणि मला मस्कतला नोकरी लागली होती. मुलगी शर्वरी चौथीत, मराठी माध्यमात. इंग्रजी म्हणजे तिला एबीसीडी आणि रंगांची नावं येत.

नोकरीचं पत्र आल्यापासून मी माणसांत राहिलो नव्हतो. रोज संध्याकाळी राजारामपुरीतल्या सायबर कॅफेत बसून मस्कतच्या शाळा बघायचो आणि पानं छापून घरी आणायचो. कंपनी फीचा थोडाच वाटा उचलणार होती, म्हणजे ऐपतीत बसत होत्या त्या तिथल्या साध्या भारतीय शाळा. माझं मन मात्र ब्रिटिश अभ्यासक्रमाच्या एका शाळेवर बसलं होतं. तिच्या माहितीपत्रकावर निळाशार पोहण्याचा तलाव होता. पोहायला शर्वरीला येत नव्हतं आणि मलाही नाही. पाण्याशी माझा संबंध रंकाळ्याच्या कठड्यावर बसून भेळ खाण्यापुरता. पण पाहुण्यारावळ्यांना 'इंटरनॅशनल स्कूल' म्हणताना माझा आवाज आपोआप जड व्हायचा. फी झेपायची कशी, असं बायकोने विचारलं तेव्हा मी म्हणालो, शिक्षणात तडजोड नको. हे वाक्यही त्या माहितीपत्रकातलंच होतं.

दाखल्याचा अर्ज द्यायला गेलो तो ती पानं काखेत मारूनच. अण्णांनी ती एकेक करून उलटली, तलावाचं चित्र जरा लांब धरून बघितलं आणि म्हणाले, "साहेब, पयल्या दिवशी पोरीला काय कळलं न्हाय, तर तिनं कुणाला इचारायचं, हे कुठं लिवलंय?"

असल्या गोष्टी माहितीपत्रकात नसतात, असं मी सांगितलं.

"मग इचारून घ्या की," असं म्हणून अण्णांनी माझा अर्ज खणात टाकला.

चार दिवसांनी मी हेडमास्तरांकडे तक्रार करायच्या तयारीने गेलो. हेडमास्तर वर्गावर होते. अण्णांनी चहा मागवला आणि मी विचारलं नसतानाच स्वतःची हकीकत सांगितली. त्यांचं मूळ गाव निपाणीच्या पलीकडचं, घरात कानडी. दुसरीपर्यंत ते कानडी शाळेत शिकले. मग वडील व्यापारासाठी कोल्हापूरला आले आणि त्यांनी मुलाला मराठी शाळेत बसवलं.

"बाहेर जाऊ का, एवढं म्हणाया येत न्हवतं मला," अण्णा म्हणाले. "वर्गातच झालं. पोरं हसली. पुढं वरीसभर तोंडच उघडलं न्हाय मी. मास्तरांनी घरी निरोप धाडला, पोरगं मुकं हाय म्हणून."

रजिस्टरमधली नावं वाचून दाखवावीत तशा आवाजात त्यांनी हे सांगितलं. मी चहा संपवला आणि हेडमास्तरांना न भेटताच निघालो.

त्याच संध्याकाळी डिक्शनरी मांडीवर घेऊन मी अण्णांचा प्रश्न इंग्रजीत लिहिला आणि तीन शाळांना पाठवला. तलाववाल्या शाळेने पुन्हा माहितीपत्रकच पाठवलं, तलावाचे आणखी दोन फोटो जोडून. दुसरीचं उत्तर आलं नाही. तिसरी माझ्या यादीत तळाला होती, सगळ्यांत स्वस्त. तिच्या मुख्याध्यापिकाबाईंनी चार ओळी लिहिल्या होत्या. सुरुवातीला मुलीला तिच्या भाषेत बोलू देऊ, वर्गशिक्षिकेला हिंदी येतं, वर्गात नागपूरची एक मुलगी आहे, तिच्या शेजारी बसवू. आम्ही ती शाळा घेतली. पुढे कितीतरी लोकांना मी सांगितलं की सखोल अभ्यास करून निवडली. त्या सांगण्यात अण्णांचं नाव कधी आलं नाही.

दाखला मिळाला पंधरा दिवसांनी. तेवढ्या दिवसांत शाळा सुटल्यावर अण्णांनी शर्वरीला ऑफिसात बसवून इंग्रजीतली तीन वाक्यं पाठ करून घेतली: मी बाहेर जाऊ का, मला समजलं नाही, मी इथं बसू का. एकदा मी दारात उभा राहून त्यांचे उच्चार सुधारले. त्यांनी ते पेन्सिलीने टिपून घेतले. माझेही उच्चार चुकीचेच होते, हे मला मस्कतला गेल्यावर कळलं. तिथला साहेब मला प्रत्येक वाक्य दोनदा म्हणायला लावायचा.

शाळा चांगली निघाली. शर्वरी आठवड्यात रुळली, असं मी दर शुक्रवारी फोनवर सगळ्या नातेवाइकांना सांगत असे. दर सुट्टीत अण्णांना भेटायचं ठरायचं आणि लग्नं, बारशी, खरेदी यांत राहून जायचं. चौथ्या वर्षी शर्वरीने हट्टच धरला, तेव्हा खजुराचा डबा घेऊन आम्ही त्यांच्या घरी गेलो. अण्णा त्या हिवाळ्यातच गेले होते.

त्यांच्या पत्नीने, काकूंनी, आम्हाला बसवलं. आतून पत्रांचा एक गठ्ठा आणून माझ्या हातात दिला. अक्षर शर्वरीचं होतं. ती खाली बघत होती.

"वाचा की," काकू म्हणाल्या. "तुमच्याच लेकीची हायत."

पहिल्या पत्रात लिहिलं होतं, 'अण्णा, आज पण मी बोलले नाही. नागपूरची मुलगी बोलते, मी मान हलवते. मधल्या सुट्टीत बाथरूममध्ये जाऊन रडते. बाबांना सांगू नका.' दोन महिने अशीच पत्रं होती. मग एकात होतं, 'आज मी हात वर केला. समजलं नाही म्हणाले. बाईंनी परत सांगितलं.' अण्णांची उत्तरं मस्कतच्या शाळेच्या पत्त्यावर येत. शर्वरीला तिकिटं तिची आई आणून देत असे. घरात ठाऊक नव्हतं ते फक्त मला, शाळा निवडणाऱ्याला.

रिक्षात मी तिला विचारलं, मला का नाही सांगितलंस.

"तुम्ही फोनवर सगळ्यांना सांगत होता ना, मी आठवड्यात रुळले म्हणून," ती म्हणाली. "मग कसं सांगणार?"

मग मी विचारलं, हल्ली वर्गात तुझ्या शेजारी कोण बसतं. चार वर्षांत हे मी पहिल्यांदाच विचारत होतो. तिने माझ्याकडे जरा निरखून बघितलं, आणि मग घर येईपर्यंत ती सांगत राहिली.